बारा नटांचा टोप

आमच्या घरात तांब्याचा टोप आला तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात आधी त्याच्या खाली हात घालून जाळ कुठं करायचा ते शोधलं. लेकानं मुंबईहून अंघोळीचा बंब आणला, असं त्यांना वाटलं. टोपाला तीन बाजूंनी जाड काचेच्या खिडक्या होत्या. एकीतून आत डोकावून त्या म्हणाल्या, "पाणी तापलं का न्हाई ते बघायला बराबर हाय." थोरल्या जाऊबाई आणि मी तोंडाला पदर लावून हसलो. गाडीत आणखीही सामान होतं. दोन्ही बाजूंना दांडे असलेली हवेच्या पंपाची पेटी, रबराची लांबच लांब नळी, सदरा-विजार एकत्र शिवल्यासारखा रबराचा पोशाख आणि शिशाच्या तळाचे बूट. त्यातला एक बूट उचलायला मला दोन्ही हात लागले. जालन्याच्या स्टेशनावरून वाटूरच्या पुढं आमच्या मळ्यापर्यंत हे सगळं आणायला बैलांना दोन दिवस लागले होते.

निजामाचं राज्य गेलं त्या साली आमचे हे मुंबईला गेले होते. आमचं लग्न त्यानंतरचं. तिथं गोदीत जहाजांच्या तळाशी उतरणारा एक म्हातारा पाणबुड्या होता, त्याच्या पंपाचा दांडा ह्यांनी पाच वर्षं मारला. ते त्याला उस्ताद म्हणायचे. पाच वर्षं दुसऱ्याला हवा पुरवली, पण स्वतःला एकदाही खाली उतरायला मिळालं नाही. उस्ताद थकला, त्याचा जुना पोशाख गोदीनं मोडीत काढला, तो ह्यांनी उचलला आणि गावी आले. थोरल्या दिरांनी विचारलं, "ह्याचा उपयोग काय?"

"काईच न्हाई," हे म्हणाले. "हिरीत खाली जाऊन बसायचंय."

दीर शेतकरी माणूस. उपयोग नसलेली गोष्ट त्यांनी जन्मात घरात आणली नव्हती. पण धाकट्या भावावर त्यांचा जीव होता, म्हणून ते काही बोलले नाहीत. गावानं मात्र बोलायचं तेवढं बोलून घेतलं. हिरीत हंडे पुरलेत, मुंबईहून नकाशा आणलाय, असं काय काय. मला राग यायचा, आणि रागाच्या आत कुठंतरी मजाही वाटायची. बाकीच्या बायकांचे नवरे बैलबाजाराला जायचे, तमाशाला जायचे. माझा नवरा पाण्याच्या तळाशी नुसता बसायला निघाला होता.

आमची विहीर दहा परस खोल होती, म्हणजे दहा पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तर वरच्याचं डोकं जेमतेम काठाला लागेल एवढी. आजेसासऱ्यांनी खणलेली. त्यांच्यानंतर तिचा तळ कुणी पाहिला नव्हता, कारण मोटेनं कितीही उपसली तरी ती आटायची नाही. दसऱ्याच्या सुमारास ती एवढी भरायची की तिसऱ्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडता यायचे. दुपारी ऊन सरळ आत उतरायचं. वरचं पाणी हिरवं, त्याच्या खालचं गडद, आणि त्याहून खाली काय आहे ते डोळ्यांना कळायचं नाही. काठावर बसलं की झोप आल्यासारखं व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या विहिरीकडं बघत बसायची खोड लागली होती, आणि सासूबाई त्यावरून मला बोलायच्या.

पंपाला दोन माणसं लागायची. पहिल्या दिवशी आमचा सालदार गडी आणि मी असे दोघं होतो. दुसऱ्या दिवशी हंड्याची गोष्ट सालदाराच्या कानावर गेली, आणि हंड्यावरच्या नागाचीही गेली असावी, कारण तो आलाच नाही. मग थोरल्या जाऊबाई आल्या. म्हणाल्या, "जात्यावर बसायचं ते इथं उभं ऱ्हायचं. चल." दोर सांभाळायला थोरले दीर. टोप चढवून खालच्या पट्टीचे बारा नट पान्यानं आवळायचं काम माझं. शेवटचा नट आवळण्याआधी हे काचेतून माझ्याकडं बघायचे आणि मी मुद्दाम तोंड वाकडं करायचे. त्यांचं हसणं दिसायचं, ऐकू यायचं नाही.

आणि मग ते पाण्यात जायचे. मोटेच्याच दोराला त्यांना बांधलेलं असायचं. माझ्या एका जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या करून त्या दोराला परसापरसावर बांधल्या होत्या. एकेक चिंधी पाण्यात शिरायची तशी ती लालाची काळी व्हायची. मग नुसते बुडबुडे. दांडा वर, दांडा खाली, समोर जाऊबाईंच्या बांगड्या, आणि मधल्या नळीतून माझ्या हातातली हवा त्यांच्या नाकापाशी जाते आहे. काही वेळानं माझा श्वासही त्या दांड्याबरोबर चालायला लागायचा. मी जागी आहे की नाही तेही मला कळायचं नाही. शेतातली पाखरं, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं लांब जायचं. तेवढं सुख मला त्यानंतर कशात लाभलं नाही, हे आता म्हातारपणी सांगायला लाज वाटत नाही.

उस्तादानं ह्यांना काही नियम शिकवले होते. वाटूर फाट्यावर गोळीसोड्याचं दुकान होतं, तिथं एकदा सोडा पिताना ह्यांनी ते मला समजावले. "बाटली बंद हाय तवर आत काई दिसतं का? गोळी दाबली की बघ." त्यांनी अंगठ्यानं गोळी दाबली आणि फेस वर आला. "खाली पाण्याचा दाब असतो. हवा रगतात मुरून बसती. हळूहळू वर आलं तर हळूहळू निघून जाती. जल्दी आलं तर असा फेस होतो, सांध्यात, मणक्यात. मंग माणूस लुळा."

म्हणून वर येताना वरून दुसऱ्या चिंधीपाशी थांबायचं. किती थांबायचं ते मी मोजायचे. आमच्यात बायका विसांनी मोजतात; पंपाचे पंधरा विसा फेरे झाले की दोराला एक झटका. थकलेल्या अंगानं उतरायचं नाही. उतरण्याआधी पोटभर पाणी प्यायचं, कारण वाळलेल्या अंगात हवा अडकून बसते. एका दिवसात दोनदा उतरायचं नाही. वर आल्यावर कढत पाणी नाही, शेक नाही, रगडणं नाही. मी म्हणाले, "तुमच्या उस्तादाला बायको होती का? का सासूनं शिकवले एवढे नेम?" ते हसले आणि बाटली माझ्याकडं सरकवली.

पहिलं वर्षभर ते पाच परसांच्या खाली गेले नाहीत. सासूबाईंनी तशी हद्द घालून दिली होती. पाच परसांच्या खाली आसरांचं घर, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं प्रत्येक जुन्या विहिरीत आसरा असतात, सात बहिणी, पाण्यातल्या. त्यांना दहीभात, खण आणि हिरव्या बांगड्या द्याव्या लागतात. आणि त्यांच्या घरात जायचं तर सूर्य उगवल्यापासून पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. आपण त्यांचं पाणी न्यायला नाही, तर त्यांना भेटायला आलो, हे त्यांना त्यावरून कळतं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका शुक्रवारी ह्यांनी तळापर्यंत जायचं ठरवलं. सासूबाईंनी उपासाची अट घातली. हे मला आत येऊन म्हणाले, "उस्ताद म्हणायचा, पाणी पिल्याबिगर उतरू नको."

मी म्हणाले, "उस्तादाला आसरा ठाऊक न्हाईत. एक दिवस पाणी न्हाई पेलं तर माणूस मरत न्हाई."

मला दोन्हीकडून बिनघोर व्हायचं होतं. नवऱ्याची हौस फिटावी, सासूचा शब्द राहावा, आणि आसरांचाही राग नको. खरं सांगायचं तर मला आसरांची भीती वाटत होती आणि ती कबूल करायची नव्हती. हे एवढंच म्हणाले, "बरं." सकाळी त्यांनी तांब्याला हात लावला नाही. त्याआधीचे तीन दिवस ते ज्वारीच्या पेरणीत तिफणीमागं चालत होते, ते ना त्यांना आठवलं ना मला.

त्या दिवशी ते तळाशी खूप वेळ बसले. दोराला मधूनमधून एक झटका यायचा, म्हणजे ठीक आहे. ऊन पहिल्या पायरीवरून तिसरीवर आलं. मग ते नेमानं वर आले, पंधरा विसा फेरे थांबून आले, आणि मी टोप काढला तेव्हा त्यांचा चेहरा झोपेतून उठलेल्या लेकरासारखा होता. म्हणाले, "खाली आवाजच न्हाई. नुसता तुझा दांडा ऐकू येतो."

मी विचारलं, "माती कुठंय?"

आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, मला तळाची मूठभर माती आणा. कशाला हवी होती ते मलाही ठाऊक नव्हतं. जिथं आपण कधी जाणार नाही तिथलं काहीतरी हातात यावं, एवढंच. ते विसरले होते. मी तोंड फिरवलं. माझं तोंड फिरवणं घरात प्रसिद्ध होतं. जाऊबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना बाई, माती ती मातीच." पण हे म्हणाले, "घाल टोप."

बारा नट मी माझ्या हातानं आवळले.

दुसऱ्यांदाही ते तळावरून उठेनात. बसल्यावर त्यांना वेळेचं भान राहत नसावं. तेवढ्यात सासूबाई आसरांचा दहीभात घेऊन मळ्यात आल्या. त्यांनी विहिरीत बघितलं. दोर सरळ उभा, हालचाल नाही, खाली काळं पाणी. "किती येळ झाला?" त्यांनी विचारलं. जाऊबाईंनी खरं सांगितलं. सासूबाईंच्या हातातलं दहीभाताचं पान खाली पडलं. "धरलं त्याला आसरांनी," त्या दिरांवर ओरडल्या. "वढ त्याला. बैल हाक."

मी म्हणत होते की ते ठीक आहेत, आत्ताच झटका आला होता. कुणी ऐकलं नाही. आणि दांडा सोडून मी दोराला जाऊन लटकू शकत नव्हते, कारण दांडा सोडला तर त्यांची हवा बंद. दिरांनी आईचा आवाज ऐकला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. मोट भरली की बैल धावेच्या उतारावर सुटतात, एका दमात, मधे थांबत नाहीत. बैलांना तरी काय माहीत. दहा चिंध्या माझ्या डोळ्यांपुढून एकापाठोपाठ वर गेल्या आणि भरलेल्या मोटेसारखे हे पाण्याबाहेर आले.

टोप काढला तर ते हसत होते. त्यांनी मूठ उघडून माझ्या हातात काळी, मऊ, थंड माती ठेवली. सासूबाई रडत होत्या, जाऊबाई हसत होत्या. मी विचार केला, काही झालं नाही. आणि मग मी त्यांना घरी नेऊन चुलीवर कढत पाणी ठेवलं, आणि अंघोळ घालण्याआधी खांद्यापासून टाचेपर्यंत तेल लावून जोर लावून रगडलं. थंड पाण्यातून आलेल्या नवऱ्याला आमच्याकडं असंच करतात. नको म्हणायला ते तोंड उघडत होते, मी उघडू दिलं नाही. आसरांचा नेम दिवस मावळल्याशिवाय सुटत नाही, म्हणून पाणी तेव्हाही दिलं नाही.

सांजेला त्यांचा खांदा दुखायला लागला. मग गुडघा. अंगाला खाज, जशी केसाळ अळी फिरून गेल्यावर येते. ते एका कुशीवर वाकून पडून राहिले. सकाळी त्यांनी उठायला पाय खाली टाकला आणि डावा पाय त्यांचा राहिलाच नव्हता. हातानं उचलून ठेवावा लागत होता. वय सव्वीस.

सासूबाई म्हणाल्या, कोप झाला. जाऊबाई म्हणाल्या, तालमीतल्या पहिलवानाला बोलावून चोळून घेऊ. ह्यांनी मला जवळ बोलावलं. "मला परत तळाशी सोडा," ते म्हणाले. "हवा परत मुरवायची, अन् मंग दिवसभर हळूहळू वर काढायची. उस्तादानं एकाला असंच केल्तं."

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर असाच ऱ्हाईन. आता बी असाच हाय."

दिरांनी त्यांना गाडीत घालून विहिरीवर आणलं. सासूबाई आधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या, वाट अडवून. म्हणाल्या, आसरांनी एकदा सोडलाय, आता नेतील. मी त्यांच्यासमोर घागरीतून तांब्या भरला आणि ह्यांच्या तोंडाला लावला. ते घटाघटा प्याले. दुसरा भरला. तिसरा भरला. मी म्हणाले, "आत्याबाई, आसरांच्या पाया मी पडते जन्मभर. पर काल मी तुमचं ऐकलं, आज तुमी माझं ऐका. उठा तिथून."

सासूला असं मी कधी बोलले नव्हते, नंतरही बोलले नाही. त्या उठल्या. माझ्याकडं बघितलं नाही, पण उठल्या.

तळाशी गेल्यावर किती तरी वेळ दोर गप्प होता. मग एक झटका आला. ठीक आहे. नंतर ह्यांनी सांगितलं, आठव्या परसापाशीच खांद्याचं दुखणं विझत गेलं आणि तळाला टेकल्यावर अंगठा हलला. वर आम्हाला काही कळत नव्हतं, आम्ही फक्त दांडा मारत होतो. मग वर काढायला सुरुवात केली. धावेवर मधे थांबायची बैलांना सवय नव्हती, म्हणून दीर त्यांच्या पुढं तोंड करून उभे राहिले, दोघांच्या शिंगांवर हात ठेवून. मी विसा मोजायचे, हाक मारायचे, आणि ते बैलांना एक पाऊल येऊ द्यायचे. मग पुन्हा थांबायचं. काल जो माणूस एका दमात धावला होता तो त्या दिवशी स्वतःच्या बैलांशी इतकं हळू बोलत होता की आम्हाला ऐकू येत नव्हतं.

दुपार कलली. जाऊबाईंचे तळहात फुटले. मी त्यांना बस म्हणाले तरी त्या बसेनात. तेवढ्यात समोरच्या दांड्यावर तिसरा हात आला. सासूबाईंनी सुनेला बाजूला केलं आणि पदर खोचला.

"कितवा ईस?" त्यांनी विचारलं.

"अकरावा."

"मोज मंग. मी मारते."

सूर्य बाभळींच्या मागं गेला तेव्हा शेवटची चिंधी पाण्याबाहेर आली. थंडीनं ह्यांचे ओठ निळे पडले होते. खांदा मोकळा झाला होता. पाय हलत होता, पण तो पूर्वीचा पाय नव्हता. पुढं ते चालले, शेतात गेले, तिफणही धरली, पण डावं पाऊल जरा ओढत. त्या दिवशी कुणी त्यांना कढत पाण्यानं न्हाऊ घातलं नाही. कोरड्या घोंगडीत गुंडाळून आम्ही तिघी नुसत्या त्यांच्याजवळ बसून राहिलो.

आठवड्यानं जालन्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते महायुद्धात बंदरावर होते, त्यामुळं त्यांना हे दुखणं माहीत होतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. थकवा, उपास, दोनदा उतरणं, जास्त वेळ बसणं, बैल, कढत पाणी, तेल. म्हणाले, यातलं प्रत्येक थोडं थोडं वाईट. नेमकं कशानं झालं ते कुणीच सांगू शकणार नाही. आणि विहिरीत परत सोडणं हा शहाणपणा नव्हता, नशीब होतं. हे मान हलवत राहिले. मी मात्र त्या यादीतून माझं तेवढं उचललं. बैल दिरांचे होते. उपास माझा होता. माती माझी होती. तेल माझ्या हाताचं होतं. यातलं पाणी न देणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यांनी मागितलं होतं आणि मी चेष्टेत उडवलं होतं.

टोप माळ्यावर गेला. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यांच्या पावलाचा घसटत येणारा आवाज अंगणात ऐकू आला की मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हायचे. ऐन जेवणात, शेताच्या बांधावर, ते मागोत न मागोत. जाऊबाई चिडवायच्या की नवऱ्याला पाणी पाजून पाजून बेजार केलंय. पण हे प्रत्येक वेळी निमूट प्यायचे.

चार-पाच वर्षांनी मोट गेली आणि विहिरीवर ऑइल इंजिन आलं. त्या उन्हाळ्यात, वैशाखात, इंजिननं ती उपसली. कधी न आटणारी विहीर आटली. सगळं घर तळ बघायला गेलं. काळा गाळ, दोन फुटक्या घागरी, एक मोटेचं कातडं. हंडे नव्हते आणि आसराही नव्हत्या, किंवा असल्या तर पाण्याबरोबर कुठं निघून गेल्या होत्या. बाकीचे बघून परतले. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. एवढ्या उन्हात तो तळ उघडा बघून मला कसंसंच झालं, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं तोंडातून गेलं.

"मी तुमाला त्या दिवशी पाणी दिलं न्हाई," मी म्हणाले. आणि रडले.

त्यांनी गाळातल्या एका सपाट दगडाकडं बोट केलं.

"त्या दगडावर बसल्तो मी," ते म्हणाले. "एवढं गार पाणी चहूकडून, अन् माझा घसा कोरडा. मंग काय, टोप काढला, ओंजळ भरून पेलो पोटभर, अन् परत घातला. तुला सांगायचं राहून गेलं."

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मी डोळे पुसले आणि बरं म्हणाले. त्यानंतर ती गोष्ट ते दर उन्हाळ्यात सांगायचे, पोरांना, पाहुण्यांना, आणि दर वेळी मी मान हलवून साक्ष द्यायचे. टोपाला बारा नट होते, आणि ते उघडायचा पाना वर माझ्या कमरेला खोचलेला होता.